रंग तोच, काम वेगळं: डिझाइन टोकनं घटकांना जोडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोदामातला साठा, मालाची आवक-जावक आणि येणाऱ्या ऑर्डर सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं हे प्रकरण आहे. आम्ही चार डिझायनर होतो आणि फ्रंटएंडचं काम, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाचा कोड, तीन जणांकडे होतं. संस्थेचं आणि माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही. घडलं त्याचा क्रम मात्र बदललेला नाही.

डिझाइन फिग्मा या स्क्रीन आखायच्या साधनात होतं. रंग, अंतरं, कोपऱ्यांची गोलाई, अक्षरांचे आकार यांची टोकनं, म्हणजे अशा मूल्यांना दिलेली नावं, कोडच्या बाजूला आधीपासून होती. ती एका जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या यादीत) लिहिलेली असत आणि स्टाइल डिक्शनरी या साधनातून त्यांची सीएसएस व्हेरिएबल, म्हणजे वेबपानाच्या कोडला वाचता येणारी नावं, तयार होत. फिग्माने २०२३ मध्ये स्वतःची व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली मूल्यं) आणल्यानंतर तीच टोकनं आम्ही प्लगइनने, म्हणजे एका जोड-साधनाने, डिझाइनच्या सामायिक लायब्ररीत आणली. त्यांचे दोन थर होते. खालच्या थरात नुसती मूल्यं: निळा ६००, राखाडी ५००, अंतर ८. वरच्या थरात कामावरून दिलेली नावं: पृष्ठभाग, मुख्य मजकूर, दुय्यम मजकूर, कडा, मुख्य क्रिया. वरचं प्रत्येक टोकन खालच्या एखाद्या टोकनाचं मूल्य घेतं, आणि लाइट-डार्क हे मोड, म्हणजे एकाच टोकनाच्या मूल्यांचे पर्यायी संच, फक्त वरच्या थरात असतात.

व्हेरिएबलच्या पॅनलमध्ये ही सगळी यादी नीट लावलेली दिसायची. म्हणून ‘आपल्याकडे टोकनं आहेत’ असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, मीसुद्धा. यादी तयार असली म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणाचा रंग, प्रत्येक कार्डाचं पॅडिंग (कडेपासून आतलं अंतर) त्या यादीला जोडलेलं आहे असं होत नाही. ते एकेक करून जोडावं लागतं, आणि ते काम आम्ही पूर्ण केलेलं नव्हतं.

अडचण

दोन मागण्या एकाच वेळी आल्या. एक डार्क मोडची. दुसरी दाट मांडणीची, म्हणजे छोट्या स्क्रीनवर तक्त्याच्या जास्त ओळी मावाव्यात म्हणून सगळी अंतरं कमी करायची. टोकनं आहेत, तेव्हा मोड बदलला की काम झालं, असं समजून आम्ही तारीख देऊन बसलो.

ऑर्डरच्या यादीची स्क्रीन उघडली आणि बाहेरच्या फ्रेमला डार्क मोड लावला. मागचा पृष्ठभाग काळा झाला, शीर्षक पांढरं झालं, आणि मधला तक्ता होता तसाच पांढरा राहिला. वरच्या फिल्टरपैकी दोन बदलले, तीन नाही. फिग्मात एखाद्या लेयरला (चित्रातल्या एका सुट्या भागाला) स्वतःचा मोड दिलेला नसेल तर तो वरच्या फ्रेमचा मोड घेतो, तिथेही नसेल तर आणखी वरचा. म्हणजे मोड खाली झिरपायला हवा होता. तो झिरपतही होता, पण घ्यायला खाली कुणी नव्हतं.

एकेक लेयर तपासल्यावर न बदलणारे लेयर तीन प्रकारचे निघाले. काहींच्या फिलमध्ये, म्हणजे भरलेल्या रंगात, सरळ हेक्स कोड (रंगाचा सहा अक्षरी संकेत) होता. काही जुन्या कलर स्टाइलला (व्हेरिएबलच्या आधीपासूनच्या, नाव दिलेल्या रंगाला) जोडलेले होते आणि त्या स्टाइलच्या पोटात हेक्स कोड होता. तिसरा प्रकार सर्वांत फसवा: लेयर व्हेरिएबलला जोडलेला होता, पण खालच्या थरातल्या, म्हणजे थेट ‘राखाडी ५००’ला. पॅनलमध्ये जोडणीची खूण दिसते, माणूस निश्चिंत होतो, आणि त्या टोकनाला मोडच नसल्यामुळे डार्कमध्ये काहीच बदलत नाही.

हाच प्रश्न कोडच्या बाजूनेही होता, फक्त आमच्या कानावर उशिरा आला. फ्रंटएंड सांभाळणारी सहकारी एका बैठकीत म्हणाली, “तुमच्या फाइलमध्ये जिथे टोकनाचं नाव दिसतं तिथे मी नाव लिहिते. जिथे हेक्स दिसतो तिथे हेक्स लिहिते. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मी ओळखत बसत नाही.” तिचं बरोबर होतं. आमच्या फाइलमध्ये न जोडलेला प्रत्येक गुणधर्म कोडमध्येही सुटाच गेला होता.

पर्याय

पहिला पर्याय सगळ्या स्क्रीन नव्याने बांधायचा. तो दहा मिनिटांत बाजूला पडला, कारण चालू कामं थांबवणं शक्य नव्हतं.

दुसरा, जुन्या स्टाइल ठेवून त्यांच्या आतला रंग व्हेरिएबलला जोडायचा. फिग्मात हे करता येतं. स्टाइल तीच राहते, तिच्यातलं मूल्य व्हेरिएबलमधून येतं, आणि लायब्ररी पब्लिश केली की ती स्टाइल वापरणारे सगळे लेयर एकदम सुधारतात. थोड्या श्रमात बरंच मिळणार होतं. पण हे फक्त दुसऱ्या प्रकारच्या लेयरना लागू होतं, आणि अंतरांसाठी आमच्याकडे स्टाइल नव्हत्याच.

तिसरा पर्याय, कॉम्पोनंट (बटण, कार्ड असे पुन्हा पुन्हा वापरले जाणारे घटक) एकेक घेऊन हाताने जोडायचा. खात्रीचा, पण संथ.

चौथा, स्क्रिप्ट लिहायची. फिग्माच्या प्लगइन एपीआयमधून, म्हणजे स्क्रिप्टला फाइलशी बोलू देणाऱ्या सोयीतून, प्रत्येक लेयरचे गुणधर्म वाचता येतात आणि त्यांना व्हेरिएबल जोडता येतं. स्क्रिप्टने हेक्स कोड वाचावा, वरच्या थरात तेच मूल्य असलेलं टोकन शोधावं आणि जोडून टाकावं. अंतरांचंही तसंच: ८ दिसले की ८ चं टोकन.

तारीख डोक्यावर होती. आम्ही चौथा पर्याय निवडला. निर्णय एकमताने झाला, आणि त्याला विरोध करण्याइतका विचार त्या दिवशी मीही केला नव्हता.

पहिला प्रयत्न

स्क्रिप्ट लिहिताना तांत्रिक अडचणी आल्या त्या सुटण्यासारख्या होत्या. फिल ही रंगांची यादी असते आणि ती जागच्या जागी बदलता येत नाही; प्रत घेऊन, तीत जोडणी करून पुन्हा लावावी लागते. एकाच मजकुरात दोन रंग असतील तर फिल ‘मिश्र’ असं उत्तर देतं, तिथे तुकड्या-तुकड्याने जावं लागतं. कोपऱ्यांची गोलाई एका झटक्यात जोडता येत नाही, चार कोपरे चार वेळा जोडावे लागतात. हे सगळं जमलं.

मग स्क्रिप्ट चालवली आणि लाइट मोडमध्ये आधीच्या आणि नंतरच्या चित्रांची तुलना केली. एक पिक्सेलही हलला नव्हता. आम्हाला हायसं वाटलं, आणि त्याच दिवशी लायब्ररी पब्लिश केली.

ती कसोटीच चुकीची होती. मूल्य जुळवूनच जोडणी केली होती, तेव्हा लाइट मोडमध्ये काही बदलणं शक्यच नव्हतं. जोडणी शंभर टक्के चुकली असती तरी चित्र तेच दिसलं असतं. या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट कोणती असं मला विचारलं तर मी स्क्रिप्टचं नाव घेणार नाही, या तुलनेचं घेईन.

डार्क मोड लावल्यावर पहिल्यांदा मुख्य बटणांवरची अक्षरं गडद झाली. कारण साधं होतं. शुद्ध पांढरा रंग आमच्याकडे निदान चार कामांना होता: कार्डाचा पृष्ठभाग, निळ्या बटणावरची अक्षरं, टॉगलची गोल सोंगटी आणि फोटोवर ठेवलेलं आयकॉन. स्क्रिप्टला यादीत पहिला पांढरा ‘पृष्ठभाग’ या नावाखाली सापडला आणि तिने चारही तिकडे जोडले. डार्क मोडमध्ये पृष्ठभाग काळा होणं बरोबर आहे. निळ्या बटणावरची अक्षरं पांढरीच राहायला हवीत.

राखाडीची कथा याहून गुंतागुंतीची. ७६७६७६ हा हेक्स कोड आम्ही फार वापरला होता, आणि त्यालाही कारण होतं. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजणारा आकडा) ४.५४ भरतो, आणि डब्ल्यूसीएजी ही सर्वांना वाचता-वापरता येण्याबद्दलची नियमावली साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ मागतं. पांढऱ्यावर चालणारा हा जवळपास सर्वांत फिकट राखाडी. ७७७७७७ घेतला तर आकडा ४.४८ वर येतो आणि नापास होतो. म्हणून दुय्यम मजकूर तोच, आयकॉन तेच, इनपुटची कडाही तीच. लाइट मोडमध्ये सगळं नियमात. पण १२१२१२ या काळपट पृष्ठभागावर त्याच राखाडीचा कॉन्ट्रास्ट ४.१२ होतो. इनपुटच्या कडेला ३ पुरतात, म्हणून कडा पास आणि मजकूर नापास. म्हणजे डार्क मोडमध्ये मजकूर उजळ करायला हवा होता आणि कडेला हात लावायची गरज नव्हती. आमच्या स्क्रिप्टने दोन्ही ‘दुय्यम मजकूर’ला बांधले होते. मजकूर सुधारायला ते टोकन उजळ केलं की सगळ्या फॉर्मच्या चौकटी झळकू लागत, आणि फॉर्म भरणाऱ्याची नजर लेबलवर न जाता रेघांवर जाई.

दाट मांडणीने तर उघडच घात केला. १६ हा आकडा कार्डाच्या पॅडिंगचा होता आणि मुख्य मजकुराच्या फाँटचाही. मोड बदलला, अंतर १६ वरून १२ वर आलं, आणि त्याबरोबर मजकूरही बारीक झाला. ८ च्या बाबतीत कार्डांची गोलाई अंतराबरोबर आक्रसली.

आकड्यांचं हे का झालं हे नीट सांगायला हवं. आम्ही टोकनं ज्या साधनात लिहीत होतो तिथे अंतर आणि गोलाई हे वेगवेगळे प्रकार होते. फिग्माच्या व्हेरिएबलचे प्रकार चारच: रंग, संख्या, अक्षरमाला आणि खरं-खोटं. टोकन आत येताना अंतर ८ आणि गोलाई ८ या दोघांची नुसती ‘संख्या’ झाली. ही संख्या कोणत्या गुणधर्मासाठी आहे हे सांगायची सोय फिग्मात आहे, तिला स्कोप म्हणतात. गोलाईच्या टोकनाला फक्त गोलाईचा स्कोप दिला की पॅडिंगच्या निवडयादीत ते दिसत नाही. आम्ही एकाही टोकनाचा स्कोप ठरवला नव्हता. आणि स्कोप ठरवला असता तरी तो माणसाच्या समोरची यादी आखडती घेतो. स्क्रिप्टने तो वाचून पाळायचा तर तसं लिहावं लागतं.

माघार घ्यायची की नाही

इथला निर्णय पहिल्या निर्णयापेक्षा अवघड होता. चुका सापडत होत्या आणि प्रत्येक चूक दुरुस्त करता येण्यासारखी होती. दोन दिवस आम्ही तेच केलं. बटणाची अक्षरं सुधारली, टॉगल सुधारला, फाँट सोडवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याने विचारलं, “आपण नजरेला दिसतंय तेच सुधारतोय. न दिसणारं किती आहे, हे कुणी सांगू शकेल का?” कुणालाच सांगता आलं नाही.

मागची आवृत्ती परत आणायची तर मधल्या दिवसांत इतरांनी त्याच फाइलमध्ये केलेलं काम गेलं असतं. उलटी स्क्रिप्ट चालवून स्वयंचलित जोडण्या काढाव्यात असं ठरलं, आणि तिथे दुसरी उणीव कळली: स्क्रिप्टने कोणत्या लेयरचा कोणता गुणधर्म जोडला याची नोंद आम्ही ठेवलेली नव्हती. फाइलमध्ये माणसाने विचारपूर्वक केलेली जोडणी आणि स्क्रिप्टने केलेली जोडणी सारखीच दिसते. शेवटी लायब्ररीची फाइल पूर्ण मागे नेली, कारण त्या दिवसांत तिथे फारसं काम झालं नव्हतं. स्क्रीनच्या फाइल पुढेच ठेवल्या. तारीख चुकणार हे त्याच संध्याकाळी कळवलं. ते दोन दिवस आधी कळवायला हवं होतं.

दुसरा प्रयत्न

या वेळी काम तक्त्यापासून सुरू केलं. ओळीत कॉम्पोनंटचा भाग, पुढे गुणधर्म, पुढे टोकन. बटण: पृष्ठभागाचं फिल, अक्षरांचं फिल, आयकॉनचं फिल, कडेचा स्ट्रोक, आडवं पॅडिंग, उभं पॅडिंग, आयकॉन आणि अक्षरांमधला गॅप, गोलाई. एका साध्या बटणाला इतके निर्णय लागतात हे कागदावर आल्याशिवाय मला जाणवलं नव्हतं. हा तक्ता भरायला फ्रंटएंडची सहकारी पहिल्यापासून सोबत बसली. रंग कोणता हा प्रश्न आम्ही काढूनच टाकला. प्रश्न एकच: हा रंग इथे कशासाठी आहे?

या प्रश्नाने यादीतल्या उणिवा दाखवल्या. निळ्यावरच्या अक्षरांसाठी टोकनच नव्हतं; ‘क्रियेवरचा मजकूर’ असं नवं टोकन आलं, त्याचं मूल्य दोन्ही मोडमध्ये पांढरं. दोन मोडमध्ये सारखंच मूल्य असलेलं टोकन कशाला, असा आक्षेप निघाला. पण तेच तर त्याचं काम आहे: पृष्ठभाग बदलला तरी आपण बदलायचं नाही, हे ते सांगतं. इनपुटच्या कडेला वेगळं टोकन मिळालं. उचललेल्या कार्डासाठीही वेगळं लागलं, कारण काळ्या पृष्ठभागावर सावली जवळपास दिसत नाही; तिथे कार्ड वर आहे हे पृष्ठभाग किंचित उजळ करूनच दाखवावं लागतं.

खालच्या थरातली टोकनं पब्लिश होण्यापासून लपवली. निवडयादीत ‘राखाडी ५००’ दिसलंच नाही की घाईत कुणी ते उचलत नाही. प्रत्येक संख्येला स्कोप दिला. जुन्या स्टाइलपैकी ज्यांचं काम एकच होतं त्यांच्या आत व्हेरिएबल घातलं. जी स्टाइल मजकूर आणि कडा दोन्हीकडे वापरली होती ती फोडून दोन केल्या.

मग ओव्हरराइडचा, म्हणजे एखाद्या ठिकाणी हाताने केलेल्या वेगळ्या बदलाचा, प्रश्न आला, आणि त्याने आम्हाला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस खाल्ले. मूळ कॉम्पोनंटमध्ये फिल टोकनाला जोडलं तरी त्याच्या ज्या इन्स्टन्समध्ये (स्क्रीनवर वापरलेल्या प्रतीत) कुणी आधी हाताने रंग बदललाय तिथे तो हाताचा रंगच टिकतो. स्क्रीनवर अशा शेकडो जागा होत्या. सगळे ओव्हरराइड एकदम रीसेट करावेत असा सूर होता. आम्ही आधी एका स्क्रीनचे उघडून पाहिले. बरेचसे कुणाच्या तरी घाईतून आलेले होते आणि निश्चिंतपणे पुसता आले. पण ‘ऑर्डर रद्द करा’ हे बटण निळ्या बटणावर लाल ओव्हरराइड करून बनवलेलं होतं, प्रत्येक स्क्रीनवर. रीसेट केलं असतं तर रद्द करायचं बटण मुख्य क्रियेच्या निळ्या रंगात आलं असतं, तेही स्वीकाराच्या बटणाशेजारी. त्यातून बटणाचा ‘धोक्याची क्रिया’ हा नवा व्हेरिएंट, म्हणजे त्याच कॉम्पोनंटचा वेगळा प्रकार, तयार झाला. त्यानंतर आमचा नियम असा: एखादा ओव्हरराइड तीन ठिकाणी सारखाच सापडला तर तो पुसायचा नाही, त्याला कॉम्पोनंटमध्ये जागा द्यायची.

भडक मोड

आधीची कसोटी फसवी ठरली म्हणून नवी शोधावी लागली. लाइट आणि डार्कच्या शेजारी आम्ही तिसरा मोड काढला, फक्त तपासणीसाठी. त्यात सगळे पृष्ठभाग पिवळे, सगळा मजकूर गुलाबी, सगळ्या कडा हिरव्या, क्रिया जांभळ्या, आणि क्रियेवरचा मजकूर नारिंगी. अंतरांच्या संचातही असाच मोड: ८ च्या जागी २०, १६ च्या जागी ४०, आणि गोलाई शून्य.

स्क्रीनला हा मोड लावला की दोन्ही तऱ्हेच्या चुका आपोआप समोर येतात. न जोडलेलं असेल ते आपल्या मूळ रंगात राहतं आणि पिवळ्या-गुलाबी गर्दीत वेगळं दिसतं. चुकीचं जोडलेलं असेल तर चुकीचा रंग घेतं: बटणावरची अक्षरं पिवळी दिसली तर ती पृष्ठभागाला बांधलेली आहेत. डार्क मोड लावून हीच चूक शोधायला जाणकार डोळा लागतो, कारण तिथे गडद राखाडीवरचा जरासा वेगळा राखाडी कुणाच्याही नजरेतून सुटतो. भडक मोडमध्ये आमच्याकडे नव्याने आलेल्या सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी नऊ चुका काढल्या. मोड किती ठेवता येतात हे फिग्माच्या प्लॅनवर अवलंबून असतं. आमच्याकडे एक जागा शिल्लक होती, आणि तिचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

स्क्रिप्ट आम्ही टाकून दिली नाही. तिचं काम बदललं. ती आता जोडत नाही, फक्त वाचते: कोणता गुणधर्म सुटा आहे, कोणता खालच्या थराला बांधलाय, कोणाचा स्कोप जुळत नाही याची यादी देते. जोडायचं कशाला हे माणूस ठरवतो.

निष्पत्ती

डार्क मोड ठरलेल्या तारखेनंतर सहा आठवड्यांनी बाहेर पडला, दाट मांडणी त्याच्याही पुढच्या आवृत्तीत. बाहेर पडल्यावर रंगांबद्दलच्या तक्रारी मोजक्याच आल्या, आणि त्यातल्या बहुतेक अशा स्क्रीनच्या होत्या ज्या आमच्या तक्त्यात यायच्या राहिल्या होत्या. फ्रंटएंडच्या फाइलमधून सुटे हेक्स कोड हळूहळू गेले. कोडमधलं नाव प्रत्येक व्हेरिएबलच्या नोंदीत लिहून ठेवता येतं. आम्ही ते भरल्यामुळे डिझाइन आणि कोड यांत एकाच गोष्टीला दोन नावं उरली नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

तारीख देण्याआधी एक स्क्रीन घेऊन तिला भडक मोड लावीन. अर्ध्या तासात कळलं असतं की टोकनं आहेत पण जोडणी नाही.

मूल्यावरून जोडणारी स्क्रिप्ट पूर्ण वर्ज्य करावी असं मी म्हणणार नाही. ज्या मूल्याला फाइलमध्ये एकच काम आहे तिथे ती निर्धोक आहे. आमच्याकडे इशाऱ्याचा केशरी फक्त इशाऱ्यालाच होता. तो स्क्रिप्टने जोडला असता तरी चाललं असतं. पांढरा, राखाडी, ८ आणि १६ मात्र कधीच नाही. आणि जी स्क्रिप्ट काही बदलते तिने काय बदललं याची नोंद ठेवलीच पाहिजे.

टोकनं लिहायचं स्वरूपही आता स्थिर होत आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या डिझाइन टोकन समुदाय गटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती जाहीर केली, आणि त्यात मूल्याबरोबर प्रकारही नोंदवायची सोय आहे. पण तिथेही अंतर आणि गोलाई यांचा प्रकार एकच, ‘माप’. कोणतं माप कशासाठी हे नावातून आणि जोडणीतूनच ठरतं. फाइल एका साधनातून दुसऱ्यात गेली तरी हे काम आपल्याला सुटत नाही.

आलेखांचे रंग आम्ही अजून जोडलेले नाहीत. साठा संपत आल्याची लाल रेघ ‘धोक्याची क्रिया’ या टोकनाच्या मूल्याशी तंतोतंत जुळते. ती त्या टोकनाला बांधायची, की आकडेवारीच्या रंगांचा वेगळा संच करायचा, यावर आमच्यात दोन मतं आहेत. तक्त्यात त्या ओळीसमोरचा रकाना सध्या रिकामा ठेवला आहे, आणि भडक मोडमध्ये ती रेघ लालच दिसते.